दादांच्या वह्या

(विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण)



समितीने मला विषय दिला होता ‘चळवळ आणि आपण’. त्यावर माझ्या आधीच्या दोन्ही वक्त्यांनी चांगलं सांगितलं आहे. तेच पुन्हा सांगून मी आपला वेळ घेत नाही. अध्यक्षांची परवानगी घेऊन मी आज एका बापाबद्दल बोलणार आहे. हा माणूस पुढारी नव्हता. मुंबईच्या पोर्ट ट्रस्टमध्ये कामाला होता, सहा लेकरं वाढवली, घरातल्या वस्तू उघडून दुरुस्त करत बसायचा आणि म्हातारपणी त्याने वह्या लिहिल्या. नाव दामोदर रुंजाजी जाधव. घरात त्यांना दादा म्हणत.

आता कोणी म्हणेल, विहाराच्या कार्यक्रमात एका कामगार बापाचं काय काम? तर त्याचं उत्तर आपल्या तिपिटकातच आहे. मज्झिम निकायात घटिकार नावाच्या कुंभाराचं सुत्त आहे. गोष्ट कस्सप बुद्धाच्या काळातली सांगितली आहे. मागच्या बुद्धांच्या आणि मागच्या जन्मांच्या गोष्टी आपण, बाबासाहेबांची माणसं, जशाच्या तशा धरत नाही, ते बाजूला ठेवा. कुंभार मात्र पाहण्यासारखा आहे. त्याचे आईबाप आंधळे आणि म्हातारे. तो त्यांना पोसतो. जमीन खणत नाही, नदीची दरड कोसळते किंवा उंदीर उकरतात ती माती कावडीने आणतो. मडकी घडवून मांडतो आणि सांगतो, तांदूळ ठेवा, मूग ठेवा, हरभरा ठेवा, अन् पाहिजे ते मडकं घेऊन जा. जोतिपाल नावाचा ब्राह्मणाचा मुलगा त्याचा मित्र. तो बुद्धाला भेटायला येईना, तेव्हा या कुंभाराने नदीवर आंघोळ झाल्यावर त्याचे केस धरून त्याला ओढलं! म्हणजे माणूस गमत्याही होता. पुढे जोतिपाल भिक्खू झाला. घटिकार झाला नाही, कारण घरी आईबाप होते. आणि तरी कस्सप बुद्धाने काशीच्या राजासमोर गुण गायले ते या कुंभाराचे. घर चालवणारा, हाताने काम करणारा आणि हसतमुख माणूस विहारात आठवायचाच असतो, हे मी माझ्या पदरचं सांगत नाही.

आता दामोदर जाधवांकडे येऊ. गाव ओझर, जिल्हा नाशिक. आज तिथे विमानांचा कारखाना आहे. त्या काळी तिथे गावकीचं महारकीचं काम होतं. लहानपणी ते आईसोबत मुंबईत राहिले. वर्तमानपत्रं विकली. रेल्वेतल्या एका गोऱ्या साहेबाच्या घरी त्याच्या लहान मुलीला खेळवायचं कामही केलं. मोठेपणी गावात येसकराच्या पाळीवर असताना विहिरीतल्या प्रेतावरून फौजदाराने मारहाण केली. तो अपमान त्यांनी गिळला नाही. बायकोला, सोनाबाईला घेऊन गाव सोडलं आणि मुंबई गाठली. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, त्या सत्याग्रहात हा माणूस होता. म्हणजे चळवळ होतीच त्यांच्या आयुष्यात. पण मला आज त्या पलीकडचं सांगायचं आहे.

पोर्ट ट्रस्टमधली नोकरी खालच्या दर्जाची. राहणं वडाळ्याला, आजूबाजूला दारू, गुंडगिरी. अशा जागी लेकरू हातचं जायला किती वेळ लागतो, हे आपल्याला काही सांगायला नको. त्या घरातला मोठा मुलगा जनार्दन भारतीय प्रशासन सेवेत गेला. धाकटा नरेंद्र अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातून अर्थशास्त्राची डॉक्टरेट घेऊन आला, रिझर्व्ह बँकेत मोठ्या पदावर गेला, २००६ साली पुणे विद्यापीठाचा कुलगुरू झाला, पुढे नियोजन आयोगात आणि राज्यसभेत गेला. हे आपल्याला माहीत आहे. भाषणात आपण हेच सांगतो आणि टाळ्या घेतो.

पण बाप कसा होता? धाक असेल, पण त्या धाकातही थट्टा होती. मुलाने काय व्हावं ते दादा ठरवून देत नसत. काय व्हायचं ते हो, पण त्यात पहिल्या नंबरचा हो, चोर व्हायचं असलं तरी असा चोर हो की जगाने नाव घ्यावं, अशा अर्थाचं ते बोलत. डॉ. जाधवांनी ही गोष्ट अनेक व्याख्यानांतून सांगितली आहे. आता पाहा, आपल्यापैकी किती बाप असं बोलतील? आपण म्हणतो, डॉक्टरच हो, इंजिनिअरच हो, नाही तर तोंड दाखवू नको. पोट्टं घाबरतं आणि खोटं बोलायला शिकतं. दादांच्या बोलण्यावर पोरगं आधी हसलं असेल आणि रात्री पडल्या पडल्या विचारात पडलं असेल. मुलगा अमेरिकेतून डॉक्टरेट घेऊन आला तेव्हाही बापाने हार घेऊन नाच केला नाही. तुझ्या या संशोधनाचा रस्त्यावरच्या माणसाला उपयोग काय, असा त्यांचा सवाल होता. जेमतेम लिहिता-वाचता येणाऱ्या माणसाने विद्यापीठाला विचारलेला हा प्रश्न आहे. मला तरी वाटते, कुलगुरूच्या खुर्चीवर बसल्यावरही तो प्रश्न त्या मुलाला सुटला नसेल.

पुढे दादा निवृत्त झाले. आता कारागीर माणूस निवृत्त होतो म्हणजे काय होते, हे गिरणीवाल्याला विचारा. तीस-तीस वर्षं ज्याने मशीन नुसत्या आवाजावरून ओळखली, कोणता दाता झिजला, कोणता पट्टा सैल झाला हे डोळे मिटून सांगितलं, त्याला एक दिवस श्रीफळ-शाल देऊन घरी पाठवतात. हात मात्र निवृत्त होत नाहीत. सकाळी सहाला तो उठतो आणि घरात काही बिघडलं आहे काय ते शोधतो. दादांचंही तेच. घरातली उपकरणं ते उघडून बसत, बिघडलेलीही आणि चांगली चालणारीही! घरच्यांनी डोक्याला हात लावला. आपल्या मोहल्ल्यातही असे दोन-तीन बुढे आहेत. नावं घेत नाही, ते इथेच बसले आहेत आणि हसूही राहिले आहेत.

मुलांनी काय केलं ते ऐका. दादांवर ओरडले नाहीत, त्यांना कोपऱ्यात बसवलं नाही. त्यांच्यासमोर वह्या ठेवल्या. म्हणाले, तुमच्या आयुष्याची गोष्ट लिहा. आपलं शिक्षण ते किती, आपण काय लिहिणार, असं दादांना आधी वाटलं. मग लिहू लागले. ज्या हाताने स्क्रू काढले त्याच हाताने आठवणी काढल्या. त्या वह्यांवरून ‘आमचा बाप आन् आम्ही’ हे पुस्तक झालं. १९९३ साली ग्रंथालीने काढलं. पुढे ते इंग्रजीत आणि इतर अनेक भाषांत गेलं.

पुस्तकाच्या नावातला ‘बाप’ हा शब्द काही शिकलेल्या लोकांना खटकतो. वडील म्हणावं, म्हणतात. आपल्या घरात बाप म्हणणं म्हणजे अपमान नव्हे. ज्याच्या खांद्यावर बसून बाजार पाहिला त्याला बापच म्हणतात.

आणि सोनाबाई? त्यांना लिहिता येत नव्हतं. त्यांनी तोंडी सांगितलं आणि ते उतरवून घेतलं गेलं. म्हणून त्या पुस्तकात माय आपल्या तोंडाने बोलते. एका घरातली चूल, उपास, बाळंतपणं, नवऱ्याचा राग आणि नवऱ्याची थट्टा हे मायशिवाय कोण सांगणार? महिला मंडळाने याकडे जरूर लक्ष द्यावं.

आता आपल्याकडे वळू. १४ ऑक्टोबर १९५६ ला आपल्या यवतमाळ जिल्ह्यातून माणसं नागपूरला गेली. त्या दिवशी जो वीस वर्षांचा होता तो आज नव्वदीच्या आसपास आहे. आपल्या वस्तीत असे किती उरले? मी मोजले, एका हाताच्या बोटांवर मावतात. त्यांच्याही आधीचं पाहा. आपल्या वऱ्हाड-नागपूरकडे आपले लोक जाडंभरडं कापड विणत. बाजारात त्या कापडाला मागणी होती. १८७७ साली नागपूरला एम्प्रेस मिल सुरू झाली, मागून आणखी गिरण्या आल्या. हातमाग हळूहळू बंद पडले आणि तेच विणकर हात गिरणीच्या खात्यात, जिनात, प्रेसमध्ये गेले. माग कसा लावायचे, खळ कशाची करायचे, माग विकला त्या दिवशी घरात काय झालं, हे आपल्यापैकी कोणाच्या घरात लिहिलेलं आहे? माझ्या घरात नाही. माझा आजा विणकर होता एवढंच मला बापाने सांगितलं, पुढचं सांगणारा कोणी राहिला नाही.

सरकारी कागदात आपला माणूस सापडतो तो ‘मजूर’ म्हणून. त्याची थट्टा, त्याचा हातगुण, बायकोच्या आजारपणात त्याने थापलेल्या भाकरी, लेकीच्या लग्नात तो मंडपाच्या मागे जाऊन रडला ते, यातलं काहीच त्या कागदात येत नाही. दादांच्या वह्या नसत्या तर दामोदर जाधवही पोर्ट ट्रस्टच्या मस्टरमधलं एक नाव राहिले असते आणि मुलं मोठी झाली म्हणून फार तर ‘अमक्याचे वडील’ एवढी ओळख राहिली असती.

म्हणून समितीशी बोलून आम्ही चाळीस वह्या आणल्या आहेत. वह्या साध्या, दोनशे पानी. वर्गणीतून नाही, गिरणीतल्या काही मित्रांनी मिळून घेतल्या. ज्या घरात बुढा लिहू शकतो त्याने स्वतः लिहावं. ज्याला येत नाही त्याच्यासमोर कॉलेजातल्या पोरा-पोरींनी बसावं. मोबाईलवर आवाज भरून घ्या आणि मग उतरवा. भाषा सुधारू नका. तो ‘काऊन’ म्हणाला तर ‘का’ लिहू नका. तारखा आठवल्या नाहीत तरी चालेल, पुराच्या साली, दुष्काळाच्या साली एवढं पुरे. आणि काम विचारा. सुताराला विचारा रंधा कसा धरायचा, गवंड्याला विचारा ओळंबा कोणी शिकवला, विडी वळणाऱ्या मायला विचारा दिवसाला किती वळायची. माणूस कामाबद्दल बोलायला लागला की बाकीचं आपोआप बोलतो.

वह्या विहाराच्या लोखंडी कपाटात, ग्रंथांच्या खालच्या खणात ठेवल्या आहेत. किल्ली कोषाध्यक्षांकडे आहे. रविवारी वंदना झाली की नाव लिहून घेऊन जा.

नमो बुद्धाय, जय भीम.