ताटातला पक्षी आणि झेंड्यावरचा पक्षी



आजचा विषय वाचून पुष्कळांना हसू आले असेल. व्याख्यानमालेत कोंबड्याबदकांचे काय काम, असे आपण म्हणाल. परंतु विषय दिसतो तितका पोरकट नाही.

अमेरिकेत महाविद्यालयाचा खेळाडूसंघ बहुधा एखाद्या प्राण्याच्या नावाने ओळखला जातो. त्याला शुभंकर म्हणतात. त्यांत वाघसिंह आहेतच. पण ज्यांची जागा आम्ही चुलीपाशी समजतो, ते पक्षीही आहेत. डेलावेअरची निळी कोंबडी, साउथ कॅरोलिनाचा झुंजीचा कोंबडा, ओरेगॉनचे बदक आणि व्हर्जिनिया टेकचा टर्की. ज्या टर्कीचा मैदानावर जयजयकार होतो, तोच नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, त्यांच्या कृतज्ञतेच्या सणाला, घरोघर भाजून ताटात येतो. यात त्यांना काही विसंगत वाटत नाही.

आमच्याकडची रीत याच्या उलट. लग्नात आपण देवक बसवतो. मोऱ्यांचे देवक मोराचे पीस. ज्याचे देवक मोर, त्याने मोर मारायचा नाही, खायचा नाही, ही परंपरा. चिन्ह मिरवायचे तर त्याचे बंधनही पाळायचे, हे शहाणपण आमच्या आजेपणज्यांना होते.

मोरावरून आठवले. जर्सी सिटीच्या सेंट पीटर्स विद्यापीठाचे चिन्ह मोरच. २०२२ साली पंधराव्या मानांकनाच्या या लहानशा संघाने बलाढ्य केंटकीला हरवले आणि राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धेत शेवटच्या आठांत स्थान मिळवले. मोर आमच्या देशाचा, नाव मात्र त्यांनी गाजवले!

आणि आमच्या बीड जिल्ह्यात काय उणे आहे? पाटोदा तालुक्यात नायगावचे मयूर अभयारण्य आहे. आष्टी तालुक्यातील मांडव्याच्या अविनाश साबळे यांनी २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसचे सुवर्णपदक मिळवले. येथे पक्षी आहे, पायांत बळही आहे. मग आमच्या मुलांनी आपल्या संघासाठी एखादा पक्षी का निवडू नये?

आम्ही तर हरियाल सुचवू. हा आपला राज्यपक्षी. मांस रुचकर म्हणून एके काळी शिकाऱ्यांनी याला फार टिपले. आता कायद्याने त्याला अभय आहे. परंतु बंदूक थांबली म्हणजे पोट भरते असे नाही. हरियाल जगतो वड, पिंपळ आणि उंबराच्या फळांवर. रस्ते रुंद झाले आणि कडेचे वड गेले, हे आपण सर्वांनी डोळ्यांनी पाहिले आहे. ज्याचे अन्न आम्ही तोडले, त्याचे चित्र सदऱ्यावर छापून काय मिळवले? असा मान आणि टर्कीचा मान यांत फारसे अंतर नाही.

म्हणून तरुण मित्रांना एवढेच सांगणे : पक्षी निवडा, त्याच्या नावाने खुशाल आरोळ्या द्या, पण देवकासारखा निवडा. सदरा शिवण्यापूर्वी मैदानाच्या कडेला एक वड लावा, आणि उन्हाळ्यात त्याला पाणी घाला.