आतल्या बाजूचा रंग
(विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



मी बँकेतला कारकून, कलाशाखेचा पदवीधर. विमानाच्या रंगाविषयी हा काय बोलणार, असे तुम्हांला वाटेल. पण मध्यंतरी आयटीआयला जाणारा वस्तीतला एक मुलगा मला म्हणाला, "काका, रंगाऱ्याच्या कामात शिकण्यासारखे काय आहे?" त्याचे उत्तर आज देतो.

अमेरिकेत हौशी माणसे घरच्या गॅरेजमध्ये लहान विमाने बांधतात. ओरेगॉन राज्यातील व्हॅन्स एअरक्राफ्ट ही कंपनी त्यासाठी सुट्या भागांचे संच विकते. भाग ॲल्युमिनियमचे असतात. शुद्ध ॲल्युमिनियम मऊ, म्हणून तांबे मिसळून ते कणखर करतात. पण त्या तांब्यामुळेच पत्रा लवकर खराब होतो. यासाठी त्याच्या दोन्ही अंगांना शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर देतात. मात्र कापलेल्या कडा, पाडलेली भोके आणि ओरखडे उघडेच राहतात. तिथे प्रायमर कामी येतो. दोन पत्रे जोडून रिव्हेट मारले की मधल्या जागेत पुन्हा हात पोचत नाही. म्हणून हे काम जोडण्याआधीच करावे लागते.

न दिसणाऱ्या सांध्याची किंमत काय असते? २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या बोईंग ७३७ विमानाच्या छताचा मोठा भाग उडत असतानाच तुटून गेला. एका हवाई सेविकेचा मृत्यू झाला. पत्र्यांच्या सांध्यातील चिकटवण सुटली होती, धातूला चिरा पडल्या होत्या, आणि देखभालीत ते वेळीच सापडले नव्हते.

पूर्वी आतल्या भागांना हिरवट-पिवळा झिंक क्रोमेट प्रायमर मारीत. तो धातूला राखतो, पण त्यातील क्रोमियम माणसाला कर्करोग देऊ शकते. विमान वाचवायचे आणि रंगाऱ्याची फुफ्फुसे गमवायची, हा कुठला हिशेब? म्हणून अनेक जण आता पाण्यात मिसळणारा इपॉक्सी प्रायमर वापरतात.

त्याची रीत अशी. पत्र्यावरचे तेल काढायचे, खरखरीत पॅडने हलके घासायचे, मग पाणी ओतायचे. पाण्याचा अखंड पडदा राहिला तर पत्रा स्वच्छ. थेंब सुटे झाले तर तेल शिल्लक आहे, पुन्हा धुवायचे. त्यानंतर उघड्या हाताने शिवायचे नाही. स्प्रे गन पत्र्याला समांतर फिरवायची आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवायचा. थर पातळच हवा, कारण जाड थराने वजन वाढते. दमट हवेत पाणी हळू सुकते, म्हणून घाई चालत नाही. काम संपताच गन धुवायची, नाहीतर दोन घटकांचा हा प्रायमर आतच कडक होतो. आणि पाण्याचा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तुषार फुफ्फुसात जातातच; योग्य मास्क हवाच.

घरच्या लोखंडी कपाटाला मी एकदा गंजावरच रंग दिला होता. दिवाळीत शेजाऱ्यांनी वाखाणला, पुढच्या पावसाळ्यात पापुद्रे निघाले. चूक रंगाची नव्हती, माझ्या आळसाची होती.

विद्यार्थी मित्रांनो, त्या मुलाला माझे सांगणे एवढेच: या कामात रसायन आहे, हवामान आहे, शिस्त आहे, आणि स्वतःच्या प्रकृतीची काळजीही आहे. जे कोणी पाहणार नाही, तेही नीट करणारा माणूसच खरा कारागीर. मालक मास्क देत नसेल तर तो मागायला लाजू नका.