डेबियनचं पॅकेज फेडोरावर

मी डेहराडूनहून बोलतोय. नोकरी सिग्नल्समध्ये झाली, निवृत्तीनंतर इथेच राहिलो, आणि लिनक्सचा नाद लागला तो त्यानंतर. आज विषय एकच: डेबियन किंवा उबुंटूसाठी बांधलेलं पॅकेज फेडोरावर चालवायचं झालं तर काय करावं आणि काय करू नये. यातलं दुसरं मला जास्त चांगलं माहीत आहे, कारण ते मी करून बसलोय.

आम्ही दोघं-तिघं निवृत्त मंडळी माजी सैनिकांची आणि वीरपत्नींची पेन्शनची कागदपत्रं करून देतो. नोव्हेंबर म्हणजे हयातीच्या दाखल्यांचा महिना, दारात जत्रा असते. तीन वर्षांपूर्वी ऐन नोव्हेंबरात प्रिंटर गेला. नवा आणला. कंपनीने लिनक्ससाठी ड्रायव्हर दिला होता, पण फक्त डेब स्वरूपात. माझ्या जुन्या लॅपटॉपवर फेडोरा.

डेब म्हणजे एक गाठोडं. आत तीनच वस्तू असतात. एक छोटी फाइल, तिच्यात या स्वरूपाची आवृत्ती. दुसरं 'कंट्रोल' नावाचं गाठोडं. त्यात पॅकेजचं नाव, ते कशाकशावर अवलंबून आहे आणि बसवताना चालवायच्या स्क्रिप्ट. तिसरं 'डेटा', म्हणजे खऱ्या फाइली. आरपीएममध्येही साधारण हेच असतं, बांधणी वेगळी. 'एलियन' नावाचं एक साधन डेबचं आरपीएम करून देतं. पण ते पाकीट बदलतं, आतलं पत्र तेच राहतं. डेबियनमध्ये ज्याला आधी 'लिबजीटीके-३-०' म्हणत त्याला फेडोरात नुसतं 'जीटीके३' म्हणतात. लायब्ररी ठेवायच्या जागाही वेगळ्या.

आणि नाव जुळलं म्हणजे काम झालं असंही नाही. फौजेतल्या लोकांना हे लगेच कळेल. एसएलआरची गोळी ७.६२ आणि एके-४७ चीही ७.६२. पण एकीचं काडतूस ५१ मिलिमीटर लांब, दुसरीचं ३९. पेटीवरचा आकडा वाचून कोणी उचललं तर ते चेंबरमध्ये बसणार नाही. 'जीलिबसी' या मूळ लायब्ररीचं तसंच आहे. नव्या आवृत्तीवर बांधलेला प्रोग्रॅम जुनी आवृत्ती असलेल्या मशीनवर बहुधा सुरूच होत नाही. उलट दिशेने, म्हणजे जुना प्रोग्रॅम नव्या मशीनवर, सहसा चालतो.

तर त्या रात्री मी काय केलं? एलियन वगैरेच्या भानगडीत पडलो नाही. डेब उघडलं, डेटाचं गाठोडं घेतलं आणि टार कमांडने रूटच्या अधिकाराने थेट मुळाशी, नुसत्या तिरक्या रेघेवर, सोडलं. फाइली आपापल्या जागी जाऊन बसतील, असा हिशेब. प्रिंट दिली तर 'फिल्टर फेल्ड'. म्हटलं, सकाळी रिस्टार्ट केल्यावर होईल.

सकाळी वायफाय गायब. आवाजही गायब. बाहेर आठ-दहा माणसं बसलेली. टिहरीच्या बाजूच्या एका गावातून एक आजी दोन बस बदलून आल्या होत्या. पेन्शन दोन महिने अडकलेली, आणि अर्ज माझ्या मशीनमध्ये. मी आपला 'बस माताजी, पाँच मिनट' म्हणतोय, आणि दुपार झाली. त्यांची परतीची बस गेली. त्या रात्री त्या इथे कोणा नातेवाइकाकडे राहिल्या. मला मेलं जेवण गेलं नाही.

चूक सापडली ती मूळ डिरेक्टरीची यादी दुसऱ्या फेडोराशी ताडून पाहिली तेव्हा. २०१२ च्या फेडोरा १७ पासून मुळाशी असलेलं 'लिब' हे खरं फोल्डर नाही, 'यूएसआर' मधल्या 'लिब'कडे बोट दाखवणारा दुवा आहे. या जुन्या धाटणीच्या डेबमध्ये मात्र 'लिब' खरं फोल्डर होतं, आत यूडेव्हची एक नियमांची फाइल. टारने माझा दुवा पुसला आणि तिथे खरं फोल्डर उभं केलं. कर्नल आपले मॉड्यूल 'लिब-मॉड्यूल्स' मध्ये शोधायला गेला, तिथे काहीच नाही. रात्री सगळं चालू होतं कारण मॉड्यूल आधीच मेमरीत होते.

दुरुस्ती दोन मिनिटांची. ते फोल्डर बाजूला सरकवलं, दुवा पुन्हा तयार केला, यूडेव्हची फाइल योग्य जागी नेली, एसईलिनक्सची लेबलं 'रिस्टोरकॉन'ने नीट केली. रिस्टार्ट. वायफाय आलं.

प्रिंटर अजून रुसलेलाच. मग फिल्टर टर्मिनलमधून हाताने चालवून पाहिला. उत्तर आलं, 'अशी फाइल नाही'. फाइल तर समोर दिसतेय! इथे बरेच लोक वेडे होतात, मीही झालो. नसलेली फाइल ती नव्हेच. फिल्टर ३२ बिटी होता, आणि ३२ बिटी प्रोग्रॅम सुरू करून देणारा लोडर माझ्या ६४ बिटी फेडोरात नव्हता. डीएनएफने जीलिबसीची आय६८६ आवृत्ती बसवली आणि पान बाहेर आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला अर्ज आजींचा छापला.

आता माझा क्रम असा. आधी फेडोराच्या स्वतःच्या भांडारात पाहतो, मग फ्लॅटहबवर. नवा प्रिंटर असेल तर ड्रायव्हरशिवाय चालतो का ते तपासतो; आयपीपी समजणारे बरेच चालतात. साधा प्रोग्रॅम फक्त डेबमध्येच असेल तर डिस्ट्रोबॉक्स वापरतो. त्यात डेबियनची छोटी वेगळी खोली मिळते, तिथे 'एपीटी'ने डेब नीट बसतं, आणि प्रोग्रॅमचा आयकॉन माझ्या नेहमीच्या मेन्यूत आणता येतो. ड्रायव्हरला मात्र ही खोली पुरत नाही, कारण छपाईची सेवा बाहेर, मूळ सिस्टिममध्ये चालते. तेव्हा डेब होम फोल्डरमधल्या रिकाम्या जागेत उघडायचं, आत काय काय आहे ते वाचायचं, आणि लागणाऱ्या दोन-तीन फाइली हाताने न्यायच्या. माझ्या प्रिंटरला दोनच लागल्या: एक पीपीडी आणि एक फिल्टर.