भेटीला जाणारा कुत्रा : निवड आणि तयारी

रुग्णालय, वृद्धाश्रम, विशेष मुलांची शाळा अशा ठिकाणी मालकासोबत जाऊन तिथल्या माणसांना थोडा वेळ सहवास देणारा पाळीव कुत्रा म्हणजे थेरपी डॉग. अंध व्यक्तीला वाट दाखवणारा कुत्रा वेगळा. तो एकाच माणसासाठी घडवलेला असतो आणि कायम त्याच्याबरोबर राहतो. अमेरिकेसारख्या देशांत त्याला सार्वजनिक ठिकाणी प्रवेशाचा कायदेशीर हक्कही आहे. थेरपी डॉगला तसा हक्क नसतो. तो घरचाच कुत्रा. संस्थेने बोलावले की जातो आणि भेट संपली की घरी येतो.

या कामाला शिस्तशीर रूप आले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. न्यूयॉर्कमधील बालमानसतज्ज्ञ बोरिस लेविन्सन यांच्याकडे जिंगल्स नावाचा कुत्रा होता. तो खोलीत असला की एरवी गप्प राहणारी मुले मोकळी होतात, असे त्यांच्या लक्षात आले. १९६९ साली त्यांनी या विषयावर पुस्तक लिहिले. १९७६ मध्ये एलेन स्मिथ या परिचारिकेने न्यू जर्सीत थेरपी डॉग्जची नोंदणी करणारी संस्था सुरू केली. आज पेट पार्टनर्स या नावाने ओळखली जाणारी संस्था १९७७ मधली. आशियात १९९१ साली हाँगकाँगमध्ये जिल रॉबिन्सन यांनी ‘डॉक्टर डॉग’ उपक्रम सुरू केला; भारतात तो चेन्नईच्या ब्लू क्रॉसने चालवला. महाराष्ट्रात अॅनिमल एंजल्स फाउंडेशनने हे काम रुजवले.

तयारीची पहिली पायरी निवडीची. लॅब्राडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हर या कामात जास्त दिसतात, पण जातीपेक्षा स्वभाव महत्त्वाचा. शांत वृत्तीचा देशी कुत्राही हे काम उत्तम करतो. कुत्र्याचे वय किमान एक वर्ष हवे. पेट पार्टनर्सच्या नियमानुसार तो निदान सहा महिने त्याच मालकाच्या घरी राहिलेला असावा लागतो. अनोळखी माणूस दिसल्यावर कुत्रा अंग सैल ठेवून, शेपटी हलवत आपणहून जवळ जातो का, हे आधी पाहतात. नुसते अंगावर हात फिरवू देणे पुरेसे नाही. त्याला माणसांची ओढ असायला हवी. अन्नाच्या भांड्याजवळ गुरगुरणारा किंवा अनोळखी माणसाला बुजणारा कुत्रा घरी कितीही लाडका असला, तरी या कामाला घेऊ नये.

ही ओढ लहानपणीच जोपासता येते. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून तीन-साडेतीन महिन्यांपर्यंत पिल्लू जग स्वीकारायला शिकते. या काळात लसीकरणाचा सल्ला सांभाळून त्याला म्हातारी माणसे, लहान मुले, दाढीवाले, टोपीवाले, काठी घेऊन चालणारे अशी नाना प्रकारची माणसे भेटवावीत.

दुसरी पायरी शिकवणीची. ‘बस’, ‘झोप’, ‘थांब’, ‘ये’ आणि ‘सोड’ या पाच आज्ञा पक्क्या हव्यात. यातली ‘सोड’ सर्वांत मोलाची, कारण वॉर्डात जमिनीवर गोळी, कापूस किंवा बिस्किटाचा तुकडा पडलेला असू शकतो. शिकवताना खाऊ आणि शाबासकी वापरावी. मारून किंवा काट्यांचा पट्टा घालून शिकवलेला कुत्रा भीतीपोटी गप्प बसतो, आणि भ्यालेला कुत्रा केव्हा चावेल हे सांगता येत नाही. अमेरिकन केनेल क्लबची १९८९ पासून चालत आलेली ‘केनाइन गुड सिटिझन’ ही दहा टप्प्यांची परीक्षा अनेक ठिकाणी पाया मानली जाते. अनोळखी माणसाचा नमस्कार-चमत्कार शांतपणे स्वीकारणे, गर्दीतून पट्टा न ओढता चालणे, दुसरा कुत्रा दिसला तरी न बिथरणे, मालक थोडा वेळ नजरेआड गेला तरी शांत राहणे, हे सारे त्यात तपासतात.

यानंतर घरीच रुग्णालयाची रंगीत तालीम करता येते. वॉकर किंवा चाकांची खुर्ची आणून कुत्र्याला ती हुंगू द्यावी, मग हळूहळू त्याच्या बाजूने फिरवावी. स्टीलचे ताट दुरून खाली पाडावे. कुत्रा दचकेल, ते स्वाभाविक आहे. काही क्षणांत सावरून तो मालकाकडे पाहतो का, हे महत्त्वाचे. थरथरत्या हाताने कुरवाळणे, बोटांत केस धरले जाणे, एकाच वेळी तिघा-चौघांनी भोवती उभे राहणे, याचीही त्याला हळुवारपणे सवय लावावी.

तिसरी पायरी आरोग्याची. पशुवैद्याकडून पूर्ण तपासणी, रेबीजसह सर्व लसी वेळेवर, जंताचे औषध नियमित, अंगावर गोचीड किंवा पिसू नाही, ही किमान अट. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो, म्हणून त्याची लसही पाहावी. कच्चे मांस खाणाऱ्या कुत्र्याला पेट पार्टनर्स घेत नाही, कारण त्यातून साल्मोनेलासारखे जंतू रुग्णांपर्यंत जाऊ शकतात. भेटीआधी अंघोळ, विंचरलेले केस आणि कापून घासलेली नखे हवीत. म्हाताऱ्या माणसाच्या पातळ कातडीवर साध्या ओरखड्याचीही जखम होते.

चौथी पायरी मालकाची, आणि अर्धी तयारी हीच आहे. खोलीत शिरण्यापूर्वी परवानगी विचारायची. रुग्णाला अॅलर्जी, भीती किंवा उघडी जखम नाही, हे परिचारिकेकडून जाणून घ्यायचे. सलाईन नसलेल्या बाजूने कुत्र्याला न्यायचे, पलंगावर घ्यायचे असेल तर स्वच्छ चादर अंथरायची आणि पट्टा हातातून कधीच सोडायचा नाही. कुत्र्याला हात लावण्याआधी आणि नंतर सर्वांचे हात स्वच्छ करवून घ्यायचे. हे सगळे चालू असताना मालकाची नजर कुत्र्यावर हवी. झोप आलेली नसताना जांभई देणे, वारंवार ओठ चाटणे, तोंड फिरवणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणे, शेपटी पायांत घेणे ही ताणाची लक्षणे आहेत. ती दिसली की गोड शब्दांत निरोप घेऊन बाहेर पडावे. पेट पार्टनर्सने दिवसाच्या भेटीला दोन तासांची मर्यादा घातली आहे. नवख्या कुत्र्याला याहून पुष्कळ कमी वेळ द्यावा.

शेवटची पायरी मूल्यमापनाची. संस्थेचे परीक्षक कुत्रा आणि मालक या जोडीची परीक्षा एकत्रच घेतात. काही संस्थांत त्यानंतर अनुभवी स्वयंसेवकाच्या देखरेखीखाली पहिल्या भेटी होतात. पेट पार्टनर्समध्ये दर दोन वर्षांनी पुन्हा परीक्षा द्यावी लागते, कारण वयानुसार कुत्र्याचा स्वभाव, सांधे आणि सहनशक्ती बदलते. ज्या दिवशी कुत्रा दाराशी जाऊन अडखळतो, त्या दिवशी त्याला घरी परत आणावे; पुढेही तसेच होऊ लागले, तर त्याला मानाने निवृत्त करावे.

ज्यांना आपला कुत्रा या कामासाठी योग्य वाटतो, त्यांनी त्याला थेट रुग्णालयात नेऊ नये. आधी पशुवैद्याकडून तपासणी करावी, मग या क्षेत्रात काम करणाऱ्या संस्थेकडे नाव नोंदवावे आणि कुत्र्याला तयार व्हायला लागेल तेवढा वेळ द्यावा. रुग्णाची सुरक्षितता आणि कुत्र्याची खुशी या दोन्ही गोष्टी सांभाळल्या, तरच या भेटीचा उपयोग होतो.