गांधीलमाशीचे घर आणि संशोधनाची वाट
(उस्मानपुरा येथील पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



"किड्यांवर पीएच.डी. करून मिळणार काय?" हा प्रश्न आपण पालक हमखास विचारतो. प्रश्न रास्त आहे. मुलांच्या पोटापाण्याची काळजी आईबापांनी करायची नाही तर कोणी? परंतु उत्तर देण्याआधी एक किडा नीट पाहू या.

खिडकीच्या चौकटीला लटकलेले गांधीलमाशीचे कागदी घर आपण सर्वांनी पाहिले आहे. आपल्याकडील 'रोपॅलिडिया मार्जिनाटा' या जातीत अंडी एकटी राणी घालते. बाकीच्या माद्या अळ्यांना भरवतात, घर वाढवतात. राणी आणि कामकरी दिसायला मात्र सारख्याच! म्हणून संशोधक प्रत्येकीच्या अंगावर रंगाचे ठिपके देऊन तासन्‌तास नोंदी करतात. पुण्याचे माधव गाडगीळ आणि अनिल महाबळ यांनी १९७४ साली या माशीवर निबंध प्रसिद्ध केला. पुढे बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी हाच विषय आयुष्यभर चालवला. त्यांची स्वतःची पीएच.डी. रेणुजीवशास्त्रातली, माश्या हा तेव्हा केवळ छंद होता.

प्रश्न असा, की स्वतःची पिल्ले सोडून दुसरीची का वाढवायची? त्या काही वांझ नसतात. जन्मताच एकेकीला वेगळे ठेवले, तर सुमारे निम्म्या माद्या स्वतः घर बांधून अंडी घालतात. इंग्लंडचे हॅमिल्टन यांनी १९६४ साली सांगितले, की रक्ताच्या नात्याला मदत करणे म्हणजे आपलाच वंश पुढे नेणे. गदगकरांना हे उत्तर अपुरे वाटले. अंड्यापासून माशी होण्यास सुमारे दोन महिने लागतात. एकटी आई मध्येच मेली, तर सारे कष्ट वाया. भरल्या घरात मात्र एक गेली तरी दुसरी अळ्यांना भरवते आणि गेलेलीचे श्रम फळाला येतात.

आता, माश्यांकडून संसाराचे धडे घ्या, असे मी म्हणणार नाही. माणसाला विवेक आहे. सांगायचे ते एवढेच, की एवढा मोठा शोध रंगाचे ठिपके, वही आणि चिकाटी यांवर उभा राहिला. ही चिकाटी आपल्या मुलामुलींत नाही काय?

राहिला पैशाचा प्रश्न. अल्पसंख्याकांसाठी असलेली मौलाना आझाद फेलोशिप २०२२-२३ पासून नव्या विद्यार्थ्यांना बंद झाली, हे खरे. परंतु एम.एस्सी.नंतर 'नेट' परीक्षेतून मिळणारी जे.आर.एफ. सर्वांना खुली आहे. २०२३ साली तिची रक्कम दरमहा ३७,००० रुपये झाली. प्राणिशास्त्र विभाग आपल्याच शहरातील विद्यापीठात आहे.

तेव्हा विद्यार्थ्यांनो, घराजवळ गांधीलमाशीचे घर दिसले तर डिवचू नका. दुरून पाहा, तारीख घालून लिहा. आणि पालकहो, मुलगी वही घेऊन खिडकीशी बसली, तर तिला लगेच कामाला उठवू नका.