मृत्युपत्र आणि रुग्णसेवा
(वार्षिक संमेलनातील भाषण)



मृत्युपत्राचे नाव काढताच घरची मंडळी ‘शुभ बोला’ म्हणतात. तरीही आज त्याच विषयावर चार शब्द बोलण्याची अनुज्ञा मी मागतो.

नागपूरकरांस या बाबतीत घरचाच थोर आदर्श आहे. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण १९३० साली निवर्तले. मृत्युपत्राने त्यांनी नागपूर विद्यापीठास सुमारे ३५ लक्ष रुपये ठेवले आणि त्यातून १९४२ साली लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी उभी राहिली. दाता गेला तरी दान फळले, कारण इच्छा कागदावर होती.

ते दान विद्येसाठी होते. रुग्णसेवेसही असाच आधार हवा. तरुणपणी वैधव्य आलेल्या कमलाताई होस्पेट यांनी परिचारिकेचे शिक्षण घेऊन १९२१ साली याच नगरीत मातृसेवा संघ स्थापिला. अशा कार्यास इमारतीसाठी देणगीदार मिळतात. परंतु औषधे, वेतन आणि गरिबांचे उपचार यांचा खर्च दरसाल उभा असतो.

मग मुलांच्या तोंडचा घास काढून दान करावे काय? मुळीच नाही. प्रथम कर्ज फेडावे, पत्नीची व दुबळ्या अपत्याची तरतूद करावी; उरल्यातून विसावा हिस्सा दिला तरी तो मोलाचा आहे. मात्र मुलांना हे आधीच सांगावे.

माझ्या परिचयाच्या एक वृद्ध भगिनी ‘माझ्या पाटल्या इस्पितळाला द्या’ असे वर्षानुवर्षे म्हणत. लिहून काहीच ठेवले नाही. त्यांच्या मागे त्याच पाटल्यांवरून दोघा भावांत अबोला आला आणि इस्पितळास काही पोचले नाही. तोंडी इच्छेची ही गती होते.

रीत अवघड नाही. साध्या कागदावर लिहावे, मुद्रांक लागत नाही. स्वतः सही करून दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात; ज्यास काही मिळावयाचे आहे त्यास साक्षीदार करू नये. संस्थेचे पूर्ण नाव व नोंदणी क्रमांक लिहावा. अंमलबजावणीस विश्वासू माणूस नेमावा. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यान्वये एकत्र कुटुंबातील आपल्या हिश्श्याचेही मृत्युपत्र करता येते, आणि जिवंतपणी ते केव्हाही बदलता येते.

मृत्युपत्राने आयुष्य घटत नाही. घरातील कलह मात्र टळतो. शहाण्याने वकिलाचा सल्ला घेऊन हे काम शरीर धडधाकट असतानाच उरकावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.