निष्पापांचे दुःख आणि देवाचा न्याय



३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चार वाजण्याच्या सुमारास लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांच्या सीमेवरील गावे काही सेकंदांत मातीला मिळाली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसे झोपी गेली होती. किल्लारीचे नाव सर्वतोमुखी झाले. पण आज लोहारा तालुक्यात असलेल्या सास्तूरवर आणि त्याच्या शेजारच्या गावांवरही तोच घाला पडला होता. शासनदरबारी मृतांची संख्या आठ हजारांच्या जवळ नोंदली गेली, इतर अंदाज दहा हजारांच्या घरात जातात. त्यांत पाळण्यातली मुलेही होती. या लेकरांनी कोणाचे काय वाईट केले होते, हा प्रश्न अशा वेळी पंडिताला आणि निरक्षराला सारखाच पडतो. देव न्यायी आहे असे मानणाऱ्या प्रत्येक धर्माला त्याचे उत्तर देणे भाग असते.

ज्यू आणि ख्रिस्ती परंपरेने या प्रश्नाशी दोन हजारांहून अधिक वर्षे झुंज दिली आहे. ती अभ्यासण्याजोगी आहे, कारण या परंपरेत देवावरही फिर्याद मांडण्याची मुभा आहे. शिवाय त्या वादात जी चूक पुनःपुन्हा झाली, तीच आपल्याही गावागावांतून होत असते.

प्राचीन इस्राएलाची मूळ धारणा कराराची होती. लोकांनी देवाची आज्ञा पाळावी, देवाने वेळेवर पाऊस आणि धान्य द्यावे. आज्ञाभंग झाला तर दुष्काळ, रोगराई आणि पराभव. इ. स. पूर्व सहाव्या शतकाच्या आरंभी बाबिलोनने यरुशलेम उद्ध्वस्त केले, तेव्हा प्रेषितांनी या विनाशाचे कारण राजांच्या आणि धनिकांच्या अन्यायात शोधले. या विचारात मोठे नैतिक बळ होते, कारण बोट सत्तेकडे रोखलेले होते. परंतु हेच सूत्र उलट्या दिशेने वापरता येते. पाप केले तर दुःख येते, एवढ्यावर माणूस थांबत नाही. दुःख आले म्हणजे पाप असलेच पाहिजे, असे तो ठरवून टाकतो. बापाने आंबट द्राक्षे खावीत आणि मुलांचे दात आंबावेत, अशी त्या काळी म्हणच होती. यिर्मया आणि यहेज्केल या प्रेषितांनी ती स्पष्ट शब्दांत नाकारली. एकाच्या अपराधाची शिक्षा दुसऱ्याला नाही, हा मानवी न्यायबुद्धीचा मोठाच विजय होता.

तथापि खरा खटला उभा राहिला तो ईयोबाच्या ग्रंथात. ईयोब हा सदाचारी आणि संपन्न गृहस्थ. वादळाने घर कोसळते आणि त्याची दहाही मुले त्याखाली चिरडून मरतात. तीन मित्र सांत्वनाला येतात आणि सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसून राहतात. त्या तिघांच्या हातून घडलेले सर्वांत चांगले कृत्य हेच होय. पुढे ते बोलू लागतात आणि मैत्री संपते. देव न्यायी आहे, तू दुःखी आहेस, म्हणून तू पापी आहेस. हे त्यांचे तर्कशास्त्र. पाप तर कोठे सापडत नाही. मग अलीफज ते रचतो. गरिबांची वस्त्रे ओढून घेतल्याचे, तहानलेल्याला पाणी नाकारल्याचे आरोप तो पुराव्याविना करतो. सिद्धान्त वाचविण्यासाठी माणसाची अब्रू घ्यावी लागते, हे त्या अज्ञात ग्रंथकाराने अचूक हेरले आहे.

ईयोबही स्वतःच्या दुःखात कोंडून राहत नाही. जे उपाशीपोटी दुसऱ्याच्या धान्याच्या पेंढ्या वाहतात आणि तहानलेल्या तोंडाने दुसऱ्याची द्राक्षे तुडवितात, त्यांच्याकडे त्याचे लक्ष जाते. देव त्यांच्याकडे का पाहत नाही, असे तो विचारतो. शेवटी वावटळीतून बोलणारा देव त्याला कारण सांगत नाही, सृष्टीचा अफाट पसारा दाखवितो. परंतु निवाडा मात्र देतो : योग्य बोलला तो ईयोब, देवाची वकिली करणारे मित्र चुकले.

त्यानंतर ईयोबाची संपत्ती दुप्पट होते, त्याला पुन्हा दहा मुले होतात. येथे वाचक अडखळतो. नवी मुले आली म्हणून मेलेली परत आली काय? धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गोरोबाकाकांचे गाव. भजनात देहभान हरपलेल्या गोरोबांच्या पायांखाली चिखलात त्यांचे तान्हे मूल तुडविले गेले, अशी कथा तेथे घरोघर सांगितली जाते. त्या कथेतही विठ्ठल शेवटी मूल परत देतो. पण ते परत येण्यापूर्वी आईचा आक्रोश आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या सांगणाऱ्यांनी तो गाळलेला नाही. भक्तीची थोरवी गाताना लोकमानसाने आईची तक्रार जपून ठेवली, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

येशूच्या काळी शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली होती. मेलेले लोक यरुशलेममधील इतरांपेक्षा अधिक पापी होते काय, असा प्रश्न स्वतःच उपस्थित करून येशूने त्याला नकार दिला. अर्थात ऐकणाऱ्यांनी आपापले जीवन बदलावे, असेही त्याने बजावले. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारले, पाप याचे की याच्या आईबापांचे? तेथेही त्याने दोन्ही पर्याय फेटाळले. पुढे तो स्वतःच निरपराध असून क्रुसावर गेला आणि देवाने आपल्याला का टाकले, असा टाहो त्याने फोडला. ज्या धर्माच्या केंद्रस्थानी असा प्रसंग आहे, त्याने दुःखिताला दोषी ठरविणे कायमचे सोडून द्यावयास हवे होते. पण तसे झाले नाही. पाचव्या शतकात ऑगस्टीनसारख्या थोर विचारवंताने मूळ पापाच्या सिद्धान्तातून बाप्तिस्मा न झालेले अर्भकही दंडास पात्र ठरविले. मित्रांचे तर्कशास्त्र मागील दाराने पुन्हा आत शिरले.

१ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणादिवशी, लिस्बन शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले आणि प्रार्थनेला जमलेली माणसे देवळांच्या छपरांखाली गाडली गेली. मालाग्रिदा नावाच्या जेझुइट धर्मोपदेशकाने पुस्तिका काढून हा पापाचा दंड असल्याचे सांगितले आणि निवारे बांधण्यापेक्षा प्रायश्चित्तावर भर दिला. जग हे शक्य त्यांतले सर्वोत्तम आहे, या लाइब्निट्झप्रणीत आशावादावर व्होल्तेअरने हल्ला चढविला. परंतु रूसोने १७५६ मध्ये व्होल्तेअरला लिहिलेल्या पत्रात वादाची दिशाच बदलली : सहा-सात मजल्यांची हजारो घरे तेथे दाटीने निसर्गाने बांधली नव्हती. देव आणि निसर्ग यांच्यावर चाललेल्या खटल्यात माणसाची समाजरचना प्रथमच आरोपी म्हणून उभी राहिली.

आपल्या देशातही हा वाद झाला, आणि तो दोन थोर पुरुषांत झाला. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपाला गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटले. हेतू सवर्णांच्या सद्‌सद्विवेकाला जाग आणण्याचा होता. त्यांचे बोट दुर्बलांकडे नव्हते. तरीही रवींद्रनाथांनी जाहीर विरोध केला आणि गांधीजींनी तो आपल्या 'हरिजन' पत्रात छापला. अस्पृश्यता हे महापातकच होय. पण त्याची शिक्षा देणारा भूकंप अस्पृश्यांच्या झोपड्याही पाडतो, मग हा न्याय कसला? चांगल्या कार्यासाठी वापरलेले चुकीचे कारणसुद्धा अखेर चुकीचेच राहते.

विसाव्या शतकात नाझींनी साठ लाख ज्यूंची हत्या केली. त्यांत सुमारे पंधरा लाख मुले होती. हा देवाचा दंड, असे म्हणण्याची जीभ कोणाची होणार? रिचर्ड रुबेनस्टाइन यांनी १९६६ मध्ये इतिहासाचे सूत्र हलविणारा देव मानणेच आता अशक्य झाल्याचे प्रतिपादन केले. जर्मन ख्रिस्ती विचारवंत मोल्टमान यांनी १९७२ मध्ये, देव दुःखाच्या बाहेर उभा नसून क्रुसावरील दुःखात स्वतः सहभागी आहे, असा विचार मांडला. पेरूचे धर्मगुरू गुस्ताव्हो गुतिएरेझ यांनी १९८६ मध्ये ईयोबावरच ग्रंथ लिहिला. निरपराध गरीब भरडला जात असताना त्याच्यासमोर देवाविषयी बोलावे तरी कसे, हा त्यांचा प्रश्न. आणि गरिबांच्या न्यायासाठी चालणाऱ्या लढ्यात उतरल्याखेरीज ते बोलणे खरे ठरत नाही, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार.

आपल्याकडील कर्मसिद्धान्ताकडे पाहिले तर मित्रांचे तर्कशास्त्र तेथे पूर्णत्वास गेलेले दिसते. पाप या जन्मात सापडले नाही तर मागील जन्मात आहेच. अलीफजाला निदान आरोप रचावे तरी लागले. येथे तेवढेही कष्ट नाहीत. पंडिता रमाबाईंनी १८८७ मध्ये इंग्रजीत लिहिलेल्या पुस्तकात दाखवून दिले की, बालविधवेचे वैधव्य हे तिच्याच पूर्वजन्मीच्या पापाचे फळ मानले जाते. म्हणून तिचा छळ करणाऱ्याला अपराधी वाटतच नाही. दुःखाचे असे स्पष्टीकरण नेहमी कोणाच्या तरी सोयीचे असते.

सास्तूर-किल्लारीला हाच निकष लावून पाहावा. जमीन हलली ती निसर्गनियमाने. पण माणसे मेली ती मुख्यतः घरांखाली : मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचे जड माळवद. तेव्हाच्या भूकंप-नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखविलेला होता. आदल्याच वर्षी, १९९२ मध्ये, किल्लारी परिसराला धक्के बसले होते, तरीही ती घरे तशीच राहिली. भूकंपानंतर सरकारला बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली आणि भूकंपरोधक बांधकामाची भाषा खेड्यापर्यंत पोहोचली. म्हणजे हे ज्ञान उपलब्ध होते. ते गरिबाच्या घरापर्यंत वेळेवर गेले नाही. याचा जाब तुळजाभवानीला किंवा प्रारब्धाला विचारून भागणार नाही.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. मूल गमावलेल्या आईला भिंतीच्या बांधणीचे शास्त्र सांगणे हेही एका अर्थी त्या मित्रांचेच काम होय. तिला कारण नको असते, सोबत हवी असते. कार्यकर्त्याने तिच्याजवळ सात दिवस मुकाट बसावयास शिकले पाहिजे. तिने देवाला शिव्या दिल्या तर त्या ऐकल्या पाहिजेत, आणि तिने देवाचे नाव घेतले तर तेही. परंतु तिच्या दारातून बाहेर पडल्यावर त्याने गप्प राहता कामा नये. नकाशा कोणी केला, सूचना कोणी दुर्लक्षिली, मदत कोणाच्या दारी अडली, हे त्याने सत्तेला विचारलेच पाहिजे.

देव न्यायी आहे की नाही, याचा निकाल कोणत्याही सभेत लागणार नाही. श्रद्धावान आणि नास्तिक यांनी तो वाद खुशाल चालू ठेवावा. पण मेलेल्यांना दोषी ठरवून जिवंतांची जबाबदारी झटकू द्यावयाची नाही, एवढ्यावर दोघांचे एकमत होऊ शकते. ईयोबाचा देवही त्याच बाजूला उभा राहिला होता.